आजारी माणसाला व्यायाम लिहून द्यायचा आहे? मग क्लिनिकल एक्सरसाइज सायन्सला प्रवेश घेण्याआधी एवढं करून ठेवा

पहिलं काम कागदपत्रांचं नाही. जिमची आवड, मैदानावरची पदकं, रोज पहाटे धावायला जाण्याचा अभिमान हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: एक मजला चढताना दोनदा थांबणाऱ्या माणसासोबत, त्याच्या वेगानं, पाऊण तास घालवणं मला आवडेल का? क्लिनिकल एक्सरसाइज सायन्सला येणारी बरीच मुलं खेळाच्या ओढीनं येतात आणि पहिल्याच प्लेसमेंटला, म्हणजे रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला, गडबडतात, कारण समोर खेळाडू नसतो. बायपास झालेले, दम लागणारे, इन्सुलिन घेणारे, केमो नुकतीच संपलेले, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे लोक असतात. त्यांच्यासाठी व्यायाम कोणता, किती, किती जोरात, आणि कुठल्या दिवशी अजिबात नाही, हे मोजूनमापून ठरवणं म्हणजे हा विषय. उत्तर ‘नाही’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका. स्पोर्ट्स सायन्स आणि कोचिंगमध्ये भरपूर काम आहे. फी भरण्याआधी कळलेलं बरं, इतकंच.

‘हो’ आलं, तर पदवीच्या नावाकडे बघा, पण नावावर जाऊ नका. साधारण सारखाच अभ्यास कुठे एक्सरसाइज फिजिऑलॉजी म्हणून शिकवतात, कुठे किनेसिऑलॉजी, कुठे ह्यूमन मूव्हमेंट सायन्स. यातल्या कुठल्या पदवीवर पुढे व्यवसाय करायची नोंदणी मिळते हे नावावरून कळत नाही. म्हणून माहितीपत्रकातले हसरे फोटो बघण्याआधी दोन गोष्टी शोधा: पदवीनंतर नोंदणी कुठल्या संस्थेकडे होते, आणि त्या संस्थेच्या मान्यताप्राप्त यादीत हा कोर्स आज आहे का. हे विद्यापीठाच्या तोंडून ऐकायचं नाही, संस्थेच्या यादीत स्वतः बघायचं. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ हे वाक्य दिसलं तर तिथेच थांबून चार प्रश्न जास्त विचारा.

नियम देशागणिक बदलतात. ऑस्ट्रेलियात एक्सरसाइज अँड स्पोर्ट सायन्स ऑस्ट्रेलिया ही संस्था मान्यता देते. तिथे आधी एक्सरसाइज सायंटिस्टसाठी 140 तासांचं प्रात्यक्षिक आणि त्यावर एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टसाठी 360 तास, असा हिशेब ठेवला जातो. अमेरिकेत अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची क्लिनिकल परीक्षा द्यायची तर बॅचलर्सवाल्यांना 1200 तासांचा अनुभव लागतो आणि क्लिनिकल मास्टर्स केलेल्यांना 600. ब्रिटनमध्ये क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टची वेगळी नोंदणी 2021 मध्ये सुरू झाली. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये किनेसिऑलॉजिस्ट 2013 पासून कायद्याच्या चौकटीत आहेत. हे आकडे पाठ करू नका, अर्ज करताना ताजे नियम पुन्हा बघा. फक्त एक पद्धत धरून ठेवा: काम जिथे करायचं आहे तिथून उलटं मोजत कोर्सपर्यंत या. बऱ्याच देशांत या व्यवसायाला अजून कायद्यानं स्वतंत्र ओळखच नाही. तिथे पदवीधर डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली काम करतात, आणि ही पदवी घेऊन फिजिओथेरपिस्ट होता येत नाही. हा गैरसमज दुसऱ्या वर्षाला फिटला तर फार महागात पडतो.

आता अभ्यास. शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री, बायोमेकॅनिक्स, पोषण, मानसशास्त्र अशी लांबलचक यादी मिळेल. सगळं आधी वाचायला घेऊ नका. सुट्टीत एकच गोष्ट पक्की करा, फिकचं समीकरण. शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं? हृदय मिनिटाला जितकं रक्त फेकतं, त्याला रोहिणीतल्या आणि नीलेतल्या ऑक्सिजनच्या फरकानं गुणायचं. बस्स. हार्ट फेल्युअरमध्ये पहिला आकडा खाली येतो. रक्त कमी असेल किंवा स्नायू महिनोन्‌महिने वापरात नसतील तर दुसरा. फुप्फुसाच्या आजारात घोटाळा त्याहून आधी, श्वास घेण्याच्या पातळीवरच सुरू होतो. प्रत्येक नवा आजार शिकताना ‘हा समीकरणात नेमका कुठे घुसतो?’ एवढं विचारायची सवय लागली की पाठांतर निम्म्यावर येतं. सोबत मेट हे एकक समजून घ्या: शांत बसलेल्या माणसाचा ऑक्सिजनवापर म्हणजे एक मेट, वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला 3.5 मिलिलिटर. पुढची सगळी वर्षं रुग्णांबद्दलचं बोलणं याच भाषेत होतं.

समीकरण कोरडं वाटलं तर 1966 चा डॅलसचा प्रयोग वाचा. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयानं झालेली घट त्या तीन आठवड्यांइतकीही नव्हती. ‘आता जरा आराम करा’ हा सल्ला किती जपून द्यायचा ते यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

संख्याशास्त्राला घाबरून कोणी हा कोर्स टाळू नये, पण त्याला बगलही देऊ नये. 1953 मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लंडनच्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो आणि दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. व्यायामाच्या बाजूनं याहून सोपा पुरावा कुठला, असं कुणालाही वाटेल. पण पुढे याच गटानं गणवेशांची मापं तपासली, तेव्हा तरुण वयातही ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा जास्त आढळला. म्हणजे फरकाचा काही भाग नोकरीच्या आधीचाच असू शकतो. प्रवेशाआधी संख्याशास्त्राचं एवढं एकच उदाहरण नीट पचवलं तरी पुरे.

हाताची तयारी मात्र आधीपासून करता येते, आणि मी तरी याच्यावरच सर्वांत जास्त जोर देईन. साधा स्टेथोस्कोप आणि हातानं फुगवायचं बीपीचं यंत्र मिळवा. आधी बसलेल्या माणसाचं बीपी घ्यायला शिका, मग जिना चढून आलेल्याचं. हे का, ते ट्रेडमिलजवळ उभं राहिल्यावर कळतं. ब्रूस प्रोटोकॉल या ट्रेडमिलवरच्या स्ट्रेस टेस्टच्या ठरलेल्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवातच दहा टक्के चढानं होते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या मिनिटात बीपी घ्यायचं असतं. पट्ट्याचा खडखडाट, पावलांचा आवाज, दंडाला गुंडाळलेल्या बीपीच्या कफची नळी घासल्याचा आवाज, आणि या सगळ्यातून तुम्हाला तो मंद ठोका ऐकायचा असतो. ज्या हाताचं बीपी घेताय तो दांडीवर नको, तुमच्या हातात हवा. दांडी घट्ट धरून चालणारा माणूस जास्त वेळ टिकतो आणि त्याची क्षमता कागदावर उगाच फुगते, म्हणून ‘बोटं नुसती टेकवा, धरू नका’ हे दर मिनिटाला सांगावं लागतं. जोर वाढतो तसा वरचा आकडा वाढायला हवा. जोर वाढूनही तो दहानं उतरला, तर आधी हा आकडा खरा आहे की आपलं ऐकणं चुकलं हे ठरवायला तुमच्याकडे फार वेळ नसतो. पुन्हा घ्यायचं, आणि खरा निघाला तर चाचणी थांबवायची तयारी ठेवायची. ऑटोमॅटिक यंत्र अशा गोंगाटात बऱ्याचदा हात टेकतं.

ईसीजीचंही तसंच. इलेक्ट्रोड चिकटवणं हे किरकोळ काम समजून नवी मुलं घाई करतात. केस काढायचे, त्वचा स्पिरिटनं पुसायची, हलकेच घासायची आणि मग चिकटवायचं. यात आळस केला तर घाम आला की रेघ नाचायला लागते आणि रेघेतला एसटी भाग (हृदयाला रक्त कमी पडतंय का हे दाखवणारा) खाली गेला की नुसता हलला, हे हृदयरोगतज्ज्ञालाही सांगता येत नाही.

सोप्या दिसणाऱ्या चाचण्यांना कमी लेखू नका. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत तीस मीटरच्या सपाट रस्त्यावर माणूस किती अंतर कापतो एवढंच बघायचं असतं. पण मध्ये बोलायची वाक्यंही ठरलेली असतात. उत्साहाच्या भरात तुम्ही टाळ्या वाजवल्या, तर अंतर वाढतं आणि मागच्या महिन्याशी केलेली तुलना फुकट जाते.

औषधांसाठी एक वही घाला. त्यात पहिलं पान बीटा ब्लॉकरचं. हे औषध नाडीचा वेग दाबून ठेवतं, त्यामुळे 220 मधून वय वजा करून काढलेला नाडीच्या कमाल वेगाचा आकडा अशा रुग्णाला लावला तर त्याला नको तितकं दामटवलं जाईल. तिथे स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची 6 ते 20 ची मोजपट्टी कामी येते: ‘किती जड जातंय?’ एवढाच प्रश्न. सहापासून सुरुवात का, तर निरोगी तरुणात आकड्याला दहानं गुणलं की ढोबळ नाडी मिळते. दुसरं पान इन्सुलिनचं आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचं, कारण व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्रीसुद्धा साखर घसरू शकते. पुढे छातीत दुखण्यावरची नायट्रेट, लघवीचं प्रमाण वाढवणारी औषधं, स्टिरॉइड. तुम्ही औषध लिहून देणार नाही, पण औषध तुमच्या व्यायामाचं काय करतं हे तुम्हालाच माहीत हवं.

बोलण्याची तयारी पुस्तकातून निम्मीच होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला नाडी वाढल्याचीच भीती वाटते आणि तुम्ही त्याला नाडी वाढवायला सांगत असता. त्याला माहितीपत्रक देऊन भागत नाही. जमलं तर प्रवेशाआधी ज्येष्ठांच्या एखाद्या व्यायामवर्गात किंवा पुनर्वसन केंद्रात काही आठवडे स्वयंसेवक म्हणून जा. खुर्च्या मांडा, नावं लक्षात ठेवा, ऐका. मुलाखतीत याचा उपयोग होतोच, आणि वरच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तरही तिथेच मिळतं.

नोकऱ्यांचं चित्र आधीच बघून ठेवा, म्हणजे ऐच्छिक विषय निवडताना गोंधळ होत नाही. सर्वांत रुळलेली वाट कार्डिॲक रिहॅबची, म्हणजे हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाची. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना साधारणपणे 36 सत्रांपर्यंत खर्च उचलते, त्यामुळे तिथे हे पद रुग्णालयात ठरलेलं असतं. फुप्फुसांचं पुनर्वसन आणि स्ट्रेस टेस्टची प्रयोगशाळा या तिच्याच शेजारच्या वाटा. ऑस्ट्रेलियात दीर्घकाळचे आजार असलेल्यांना जनरल प्रॅक्टिशनर एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टकडे पाठवू शकतात आणि वर्षाला पाच भेटींपर्यंत तिथल्या सरकारी मेडिकेअरची मदत मिळते. शिवाय कामावर जखमी झालेल्यांना परत कामावर आणण्याचं मोठं क्षेत्र आहे. तिथे विमा कंपन्यांशी पत्रव्यवहार फार करावा लागतो. ज्याला अहवाल लिहायचा कंटाळा आहे त्यानं तिकडे जाऊ नये. मधुमेह टाळण्याचे कार्यक्रम, वृद्धांमधलं पडणं कमी करणं, शस्त्रक्रियेआधीची ताकदवाढ, मानसिक आरोग्य केंद्रं, संशोधन हेही आहेच.

कर्करोगाकडे मी जरा जास्त लक्ष द्यायला सांगेन. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅलेंज चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची केमो संपलेले 889 रुग्ण होते. तीन वर्षांच्या आखीव व्यायाम कार्यक्रमातल्या गटात पाच वर्षांनी हयात आणि आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण सुमारे 80 टक्के होतं, तर फक्त माहितीपुस्तिका दिलेल्या गटात सुमारे 74. आता हा तीन वर्षांचा कार्यक्रम रुग्णाकडून चालवून कोण घेणार? तेच तुमचं काम. जागा किती लवकर तयार होतील हे पैसे कोण देणार यावर अवलंबून आहे, तेव्हा फक्त याच आशेवर कोर्स निवडू नका, पण ऐच्छिक विषयात कर्करोग असेल तर घ्या.

पगाराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अनेक ठिकाणी सुरुवातीचा पगार फिजिओथेरपिस्टपेक्षा कमी असतो आणि बरीच पदं कंत्राटी असतात. म्हणून कोर्स चालवणाऱ्यांना मागच्या दोन बॅचची मुलं आज काय करतात हे विचारा. ‘आमचे विद्यार्थी विविध क्षेत्रांत आहेत’ असं मोघम उत्तर मिळालं, तर माजी विद्यार्थ्यांना स्वतः गाठा. पुढे फिजिओथेरपी किंवा मेडिकलला जायचा विचार असेल, तर त्यासाठी लागणारे विषय या पदवीत बसतात का तेही आत्ताच तपासा.

राहिलं प्लेसमेंटचं. लसीकरणाचे कागद, हेपॅटायटिस बीच्या प्रतिकारशक्तीचा अहवाल, पोलिस पडताळणी, सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या प्रथमोपचाराचं) चालू प्रमाणपत्र: यातल्या काही गोष्टींना आठवडे लागतात आणि एक कागद अडला की अख्खी प्लेसमेंट पुढच्या सत्रावर जाते. सेकंद काटा असलेलं घड्याळ घ्या, कारण बऱ्याच वॉर्डांत फोन चालत नाही. आणि तासांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, आजाराचा प्रकार, तुम्ही स्वतः काय केलं आणि नुसतं बघितलं काय, हे वेगळं लिहा. रुग्णाचं नाव लिहू नका. पर्यवेक्षकाची सही त्याच आठवड्यात घ्या. ते नोकरी बदलून गेले की जुन्या तासांवर सही मिळवायला फार हेलपाटे पडतात.