सीमाभागात प्रीपेड डोंगल वापरताना

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत तारेची ब्रॉडबँड जोडणी जिथे पोहोचलेली नाही, तिथे प्रीपेड सिमवर चालणारे डोंगल (संगणकाच्या यूएसबीला जोडून मोबाइलचे नेट देणारे छोटे उपकरण) हा विद्यार्थ्यांसाठी आणि घरून काम करणाऱ्यांसाठी मोठा आधार ठरतो. मात्र घरात जुने थ्रीजी डोंगल पडून असेल तर त्यावर विसंबू नये. जिओचे जाळे सुरुवातीपासूनच फोरजीचे आहे, त्यामुळे त्याचे सिम अशा डोंगलमध्ये चालत नाही.

डोंगल घेण्यापूर्वी सिम आपल्या फोनमध्ये घालून, ज्या खोलीत बसणार त्याच खोलीत, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी नेट नीट चालते का ते तपासावे.

आपल्याकडची खरी अडचण हद्दीची आहे. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये (मोबाइल सेवेच्या विभागात) येते, तर पलीकडचे चंदगड आणि कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये. सीमेलगतच्या गावात डोंगल पलीकडचा टॉवर पकडते आणि त्यातले डेटा रोमिंग (आपल्या सर्कलबाहेरच्या टॉवरवरून नेट घेण्याची सोय) बंद असेल, तर सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसूनही नेट चालत नाही. म्हणून डोंगलच्या सेटिंगमध्ये रोमिंग सुरू ठेवावे. रिचार्ज करताना सिम ज्या सर्कलचे आहे तेच निवडावे, आणि केवळ डेटा व्हाउचर घेण्याआधी त्याला मूळ प्लॅन चालू असावा लागतो का, हे जरूर वाचावे.

विंडोजमध्ये या जोडणीला ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजका डेटा असलेली) अशी खूण केली, की बरेचसे अपडेट आपोआप उतरत नाहीत आणि दिवसाचा डेटा मुलांच्या ऑनलाइन तासाला पुरतो. जाड भिंतींच्या घरात डोंगल यूएसबी एक्स्टेन्शन केबलने खिडकीपाशी ठेवावे.