रस्टच्या प्रोग्रॅममध्ये लुआ बसवताना

वरुड-काटोल पट्ट्यातील संत्राबागेत आंबिया बहाराचा ताण (पाणी बंद ठेवून झाडांना दिलेली विश्रांती) कधी तोडायचा आणि कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडायचा, हे जमिनीगणिक बदलते. म्हणून ठिबकचा नियंत्रक रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला तरी हे नियम लुआ या छोट्या स्क्रिप्ट-भाषेच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत, म्हणजे नियम बदलला की पुन्हा कंपाइल करावे लागत नाही. १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेली लुआ अशा कामासाठी सोयीची आहे.

प्रथम कार्गो या रस्टच्या बांधणी-साधनाच्या फाइलमध्ये, रस्ट आणि लुआ जोडणारे एमलुआ हे क्रेट (तयार लायब्ररी) नोंदवून लुआ ५.४ आणि व्हेंडर्ड ही फीचर्स निवडावीत. व्हेंडर्डमुळे लुआ सोबतच बांधली जाते, त्यासाठी सीचा कंपाइलर मात्र लागतो. मग लुआची अवस्था (स्क्रिप्ट जिच्यात चालते तो लुआचा स्वतंत्र कप्पा) तयार करून, व्हॉल्व्ह उघडणारे रस्टचे फंक्शन तिच्या ग्लोबल टेबलात, म्हणजे स्क्रिप्टला कुठूनही दिसणाऱ्या नावांच्या यादीत, ठेवावे आणि स्क्रिप्ट चालवावी.

खरी काळजी या दोन भाषांच्या धुऱ्यावर घ्यावी लागते. स्क्रिप्टने दिलेली मिनिटे रस्टच्या बाजूने तपासावीत, कारण माहितीचा प्रकार (उदा. आकड्याऐवजी मजकूर) जुळला नाही तर एमलुआ त्रुटी परत करते, पण ६०० मिनिटे हा तिच्या लेखी वैध आकडाच असतो. त्रुटी आल्यास अनरॅप (त्रुटी दिसताच प्रोग्रॅम थांबवणारी रस्टची पद्धत) करून प्रोग्रॅम पाडू नये. व्हॉल्व्ह बंद करून नोंद ठेवावी. लुआची टेबले १ पासून मोजली जातात, रस्टचे व्हेक्टर ० पासून, आणि एवढ्याशा फरकाने पाणी शेजारच्या ओळीला जाते (हे सहसा रात्रीच्या विजेच्या पाळीतच घडते). न संपणाऱ्या लूपसाठी सूचनांच्या संख्येवर हुक (ठरावीक सूचनांनंतर मध्येच चालून स्क्रिप्ट थांबवू शकणारे फंक्शन) लावावा, आणि फाइली व ऑपरेटिंग सिस्टिम हाताळणाऱ्या आयओ व ओएस या लायब्ररी वगळूनच अवस्था तयार करावी.