फसवणुकीच्या गुन्ह्यातल्या कैद्याची लवकर सुटका : अर्ज करताना आणि त्यावर मत देताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोघीजणी माझ्याकडे येऊन गेल्या. पहिलीचा नवरा पतसंस्थेच्या अपहारात सात वर्षांची शिक्षा भोगतोय. "वकीलताई, पाच वर्षं होत आली. तुरुंगात सगळे त्यांना चांगलं म्हणतात. आता सोडतील ना?" दुसरीच्या यजमानांची निवृत्तीची रक्कम एका वेगळ्याच पतसंस्थेत बुडालेली. तिथल्या अध्यक्षाच्या माफीची, म्हणजे उरलेली शिक्षा सरकारने सोडून देण्याची, फाईल हलल्याचं तिच्या कानावर आलं होतं. "तो बाहेर आला की आमचे पैसे संपले म्हणायचे." दोघींच्याही मनातला समज चुकीचा होता आणि दोघींनाही त्याची झळ बसणार होती. जिल्ह्याच्या विधी सेवेच्या कामात मी या दोन्ही बाजूंची माणसं पाहते. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या चुका इथे लिहिते आहे.

तारखेचा हिशेब अंदाजाने करणे

सगळ्यात जास्त निराशा इथून येते. "चौदा वर्षं झाली की सुटतो" हे वाक्य घरोघरी पाठ आहे. पण चौदा वर्षांची अट ज्या गुन्ह्याला फाशीची शिक्षाही देता येते, त्यातल्या जन्मठेपेला लागू होते. पूर्वीचं कलम ४३३-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७५. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या ४०९ किंवा ४६७ खाली, म्हणजे विश्वासघात किंवा बनावट दस्तऐवजासाठी जन्मठेप झाली असेल, तर त्या गुन्ह्यांना फाशी नाही, म्हणून ही अटही नाही. आणि तरीही जन्मठेप आपोआप संपत नाही. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. सरकारने माफी दिली तरच ती आधी संपते.

त्याच संहितेच्या फसवणुकीच्या कलम ४२० ची कमाल शिक्षा सात वर्षं. इथे हिशेब वेगळा चालतो आणि तो चार ठिकाणी चुकतो.

एक, खटला चालू असताना त्याच खटल्यात काढलेली कोठडी शिक्षेतून वजा होते, पण दंड न भरल्याबद्दलच्या कैदेतून होत नाही. दोन, ही दंडाची कैद मूळ शिक्षेत मिसळत नाही, तिच्यानंतर सुरू होते. पहिल्या बाईंच्या नवऱ्याला पाच लाखांचा दंड होता, न भरल्यास आणखी एक वर्ष. घरच्यांनी ते वर्ष मोजलंच नव्हतं. दंडाचा काही भाग भरला तर ही कैद त्या प्रमाणात कमी होते, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तीन, रजा. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, फर्लो म्हणजे संचित रजा. महाराष्ट्राच्या १९५९ च्या नियमांनुसार फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे नाही. गोव्यातल्या कैद्यांनी पॅरोलचे दिवसही चौदा वर्षांत मोजावेत असा आग्रह धरला होता. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. परदेशी मालिकांमधला पॅरोल, म्हणजे शिक्षा संपायच्या आधीची कायमची सशर्त सुटका, तो आपला नव्हे. रजेवरून उशिरा परतलं तर तुरुंगात चांगल्या वागणुकीने कमावलेले माफीचे दिवसही कापले जातात.

चार, एकापेक्षा जास्त खटले. फसवणुकीत हे नेहमीचं, कारण ठेवीदार अनेक तालुक्यांतले आणि गुन्हे अनेक पोलीस ठाण्यांत. आधीच शिक्षा भोगणाऱ्याला दुसऱ्या खटल्यात शिक्षा झाली आणि न्यायालयाने ती एकत्र चालवा असं म्हटलं नाही, तर ती पहिलीनंतर सुरू होते. इक्राम नावाच्या कैद्याला वीज चोरीच्या नऊ खटल्यांत प्रत्येकी दोन वर्षं झाली होती आणि ती एकापुढे एक लावल्याने अठरा वर्षं होत होती. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या एकत्र चालवायला लावल्या. म्हणून माफीच्या अर्जाआधी प्रत्येक निकालाची प्रत काढा आणि शेवटचा आदेशाचा परिच्छेद वाचा. तिथे "एकत्रित" हा शब्द नसेल तर आधी उच्च न्यायालयाचा विचार करा, माफी नंतर.

अर्ज चुकीच्या दारात नेणे

कैदी कुठल्या तुरुंगात आहे यावर माफी देणारं सरकार ठरत नाही, शिक्षा कुठल्या राज्यात झाली यावर ठरतं. बिल्किस बानो प्रकरणात ८ जानेवारी २०२४ ला अकरा जणांची माफी रद्द झाली, कारण खटला मुंबईत चालला होता आणि माफी गुजरातने दिली होती.

तपास सीबीआयने केला असेल तर राज्य सरकार एकट्याने निर्णय घेऊ शकत नाही, केंद्राची सहमती लागते. बँकांच्या फसवणुकीत हे हमखास येतं. सोबत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली किंवा मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली शिक्षा झाली असेल, तर विशेष माफीच्या योजनेतून नाव गळू शकतं. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात केंद्राने आखलेल्या योजनेतून हे दोन्ही गुन्हे वगळले होते.

आणखी एक. कैदी जामिनावर बाहेर असताना केलेला अर्ज घेतलाच जात नाही. तो आत असावा लागतो आणि त्याचा अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत जावा लागतो. मंत्रालयात थेट दिलेल्या निवेदनांवर लोक महिनेच्या महिने घालवतात, फार वाईट वाटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालानंतर तर, राज्याचं धोरण असेल आणि कैदी त्यात बसत असेल, तर त्याने अर्ज न करताही सरकारने त्याचा विचार करायचा आहे. अधीक्षकांना लेखी विचारा : माझ्या माणसाचं नाव पात्र यादीत आहे का, नसेल तर का नाही?

चांगल्या वागणुकीवर सगळा भार टाकणे

ही चूक अर्जदार करतात, पोलीस अहवाल लिहिणारे करतात आणि माफीवर मत देणारे न्यायाधीशही करतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नासकर प्रकरणात २००० साली पाच गोष्टी पाहायला सांगितल्या : गुन्ह्याची झळ समाजाला बसते का, तो पुन्हा घडेल का, कैद्याची गुन्हा करण्याची ताकद उरली आहे का, त्याला आत ठेवण्यात काही अर्थ आहे का, आणि कुटुंबाची परिस्थिती. ही कसोटी जन्मठेपेच्या कैद्यांसाठी आली. फसवणुकीला ती लावताना डोकं वापरावं लागतं.

मारामारी करणारा माणूस साठीत थकतो. लोकांचा विश्वास जिंकून पैसे गोळा करणारा थकतोच असं नाही. तो तुरुंगातही नम्र असतो, वाचनालय सांभाळतो, इतरांचे अर्ज लिहून देतो. त्यातलं बरंचसं खरंही असतं. पण पुन्हा फसवेल का, याचं उत्तर त्या दाखल्यात नाही, बाहेरच्या कागदांत आहे. तो अजून कुठल्या कंपनीचा संचालक आहे का? कुटुंबातलं कुणी त्याच धंद्याला नवी पाटी लावून बसलंय का? तपासात मालमत्ता कुठे आहे हे त्याने स्वतः सांगितलं, की पोलिसांना सात-बारा उपसावे लागले? नवे गुन्हे दाखल आहेत का? अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने एवढं पाहिलं तरी फाईलला वजन येतं. कैद्याच्या घरच्यांना सांगणं असं, की हे कागद स्वतःहून जोडा : राजीनाम्यांच्या प्रती, जप्त मालमत्तेची यादी, परत केलेल्या रकमांच्या बँक पावत्या. पाच सरपंचांच्या शिफारशींपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

उलटी चूकही तितकीच वाईट. "गुन्हा गंभीर असल्याने सुटकेस विरोध", एवढ्या एका ओळीत न्यायाधीशांचं किंवा पोलिसांचं मत संपतं. गुन्हा गंभीर होता म्हणूनच तर एवढी शिक्षा झाली. माफीच्या वेळचा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा असतो. रामचंदर विरुद्ध छत्तीसगड, २०२२ : न्यायाधीशांच्या मताला पुरेशी कारणं हवीत. कारणं नसलेला नकार हाती आला तर तो घेऊन गप्प बसू नका, उच्च न्यायालयात त्याला आव्हान देता येतं.

सुटका आणि वसुली यांची गल्लत

दुसऱ्या बाईंची भीती इथली. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याखाली जप्त झालेली मालमत्ता आरोपी सुटला म्हणून मोकळी होत नाही. जप्ती, विक्री आणि ठेवीदारांत वाटप हे सक्षम प्राधिकारी आणि नियुक्त न्यायालयाचं काम, ते वेगळं चालतं. म्हणून माफीला विरोध करण्यात सगळी शक्ती घालवू नका. दावा दाखल झालाय का, मूळ ठेवपावतीची नोंद झाली का, हे आधी पाहा.

कैद्याने भरलेला दंडही आपोआप ठेवीदारांना मिळत नाही. न्यायालयाने निकालात त्यातून नुकसानभरपाईचा आदेश दिला असेल तरच.

कैद्याचे नातेवाईक दारोदार फिरून ठेवीदारांकडून "आमची काही तक्रार नाही" असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात. दोन्ही बाजूंनी हे टाळा. फसवणुकीच्या खटल्यात न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, पण तिची वेळ खटल्यात किंवा अपिलात असते. शिक्षा कायम झाल्यावर अशा कागदाने ती पुसली जात नाही. ठेवीदाराच्या हातून मात्र वसुलीचा आधार निसटण्याची भीती असते. पैसे मिळाले असतील तर मिळालेल्या रकमेची पावती द्या, तेवढीच.

आजारपणाचा दाखला शेवटच्या क्षणी जोडणे

वय आणि आजार हे खरे आधार आहेत, पण एकटे पुरत नाहीत. अमेरिकेतली दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहा, दोन्ही न्यूयॉर्कच्या एकाच संघराज्य न्यायालयातली. हिशेबात घोटाळा करणाऱ्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीचे प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना पंचवीस वर्षांची शिक्षा होती. तेरा वर्षांनंतर, प्रकृती पार ढासळल्यावर, डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना सोडलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते वारले. हजारो गुंतवणूकदारांना फसवणारे बर्नार्ड मॅडॉफ यांना दीडशे वर्षं. मूत्रपिंडं निकामी, आयुष्य दीड वर्षाहून कमी, असा अर्ज होता. जून २०२० मध्ये न्यायाधीश डेनी चिन यांनी तो नाकारला. पाचशेहून अधिक बळींनी पत्रं लिहिली होती, बहुतेकांचा विरोध. एप्रिल २०२१ मध्ये मॅडॉफ तुरुंगातच वारले. तुम्हाला कुठला निर्णय पटतो हे वेगळं, मला आजही दोन्ही एकाच दिवशी पटत नाहीत. पण दोन्हींना सविस्तर कारणं होती. आपल्याकडे किमान तुरुंगातल्या डॉक्टरांची जुनी नोंद, सरकारी रुग्णालयाचा अहवाल आणि घरी सांभाळणार कोण, हे तिन्ही जोडा.

अटी न वाचता सही करणे

सुटका बहुतेक वेळा सशर्त असते. अट मोडली तर माफी रद्द होऊन उरलेली शिक्षा भोगावी लागू शकते. "सभ्य वागेन" अशी मोघम अट सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चुकीची ठरवली, कारण तिचा अर्थ कुणीही कसाही लावेल. फसवणुकीच्या कैद्याला नेमक्या अटी हव्यात : ठेवी घ्यायच्या नाहीत, संस्थेच्या पदावर बसायचं नाही, वसुलीच्या कामात कागद द्यायचे. अशा अटी ठेवीदारही लेखी सुचवू शकतात, आणि नुसत्या विरोधापेक्षा त्या जास्त वाचल्या जातात.

पहिल्या बाईंनी दागिने मोडून दंडातले दोन लाख भरले. पावतीची प्रत अधीक्षकांकडे दिली, तारीख पुन्हा काढून घेतली. दुसऱ्या बाईंची मूळ ठेवपावती ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली सापडली. दावा नोंदवायला आम्ही दोघी गेलो तेव्हा रांगेत त्यांच्या पुढे एकोणीस जण होते.