अडचणीच्या दिवसांत देवाकडं लक्ष कसं ठेवायचं

आधीच सांगतो, हे वाचून कुणाचं दुखणं कमी होणार नाही. घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय, पोराची नोकरी गेलीय, भावाभावात वाटणीवरनं बोलणं बंद आहे, आणि रविवारी उपासनेला जाऊन बसलं तरी डोक्यात बँकेचा हप्ताच फिरतोय, अशांसाठी हे लिहितोय. ज्यांचं सगळं झकास चाललंय त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल.

मन लागलं की प्रार्थना करू असं म्हणत बसू नका, ते अडचणीत लागतच नाही. वेळ ठरवा आणि प्रार्थना छोटी करा. बायबलमधला दानीएल दिवसातनं तीनदा प्रार्थनेला गुडघे टेकायचा आणि अशा प्रार्थनेवर राजाचा मनाईहुकूम निघाल्यावर पण त्यानं तेच केलं, आधी करायचा तसंच, नवीन काही नाही. म्हणजे सवय आधीपासनं होती म्हणून त्यापायी त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं त्या दिवशी उपयोगी पडली. तुमची सवय नसली तरी आज लावा, सकाळी चहाचं आधण ठेवताना, दुपारी डबा उघडायच्या आधी, रात्री फोन चार्जिंगला लावताना, दोन मिनिटं बास. शब्द सुचले नाहीत तर येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा, ती पाठच असते, आणि पाठ असलेलं म्हणणं म्हणजे ढोंग असं मला अजिबात वाटत नाही.

आता फोनचं. २०१९ चा ऑगस्ट आठवा, कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलेलं आणि सगळं गाव फोनमध्ये डोकं घालून फूट आणि इंच बघत होतं. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका हे आता कोल्हापुरात लहान पोरं पण सांगतात, त्यामुळं दर पावसाळ्यात पातळी बघणं सुटत नाही आणि सुटू पण नये, सामान वर काढायचं का जनावरं हलवायची ते त्यावरच ठरतं. पण फोन उचलला की आधी एक ओळ म्हणायची, मनातल्या मनात, "प्रभू, पाणी वाढतंय, आमच्याजवळ राहा", आणि मगच स्क्रीन बघायची. दवाखान्यात रिपोर्टची वाट बघताना पण हेच करायचं. भीती ज्या क्षणी येते त्याच क्षणाला प्रार्थना बांधून ठेवायची, म्हणजे वेगळा वेळ काढायची भानगडच उरत नाही.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे देवाकडं तक्रार करायला शिका. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी रडून बोललं की लगेच कुणीतरी म्हणतंच, असं बोलू नये मावशी, आभार माना. अहो, बायबलमधलं १३ वं स्तोत्र काढून बघा, पहिल्या दोनच वचनांत चारदा विचारलंय की देवा कोठवर. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. खुद्द येशूनं वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राची सुरुवातच उच्चारली, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास म्हणून. तर करायचं असं, की १३ वं स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, घरी लोक असतील तर गच्चीवर जा नाहीतर रंकाळ्यावर फिरताना म्हणा, आणि जिथं शत्रूचा उल्लेख येतो तिथं स्वतःची भानगड नाव घेऊन सांगायची, कर्ज, आजार, जे असेल ते. फक्त एक बघा, तक्रार देवाबद्दल गावभर करण्यापेक्षा देवाकडंच करायची, एवढाच काय तो फरक.

जेवण आणि झोप. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता, तर देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, उठ आणि खा म्हणाला, भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत खायला दिलं. होरेब डोंगरावर त्याला देवाचा मंद आवाज ऐकू आला तो नंतर. त्यामुळं रात्रभर जागून पेशंटजवळ बसलेल्या माणसानं उपास-प्रार्थना पण करावी असा कुणी आग्रह धरला तर सरळ नाही म्हणा. आणि विश्वास असेल तर गोळ्या बंद करा असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्याकडं परत जाऊ नका. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा पुरे आहे एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का?

कामाचं पण सांगायला पाहिजे. पंडिता रमाबाईंची मनोरमा, एकुलती एक मुलगी, १९२१ मध्ये गेली. बाई स्वतः थकलेल्या, कानानं अधू, तरी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या पण गेल्या. आपण रमाबाई नाही हे मान्य, पण संडे स्कूलचा वर्ग घेत असाल, उपासनेत पेटी वाजवत असाल तर दुःखाच्या दिवसांत ते पूर्ण सोडू नका, निम्मं करा, दुसऱ्याला जोडीला घ्या.

राहिली मंडळी. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही, दोन माणसं निवडा, त्यातलं एक पाळकसाहेब असले तर उत्तम, नसले तरी चालतंय. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, तर असा माणूस बघा ज्याला गप्प बसता येतं. त्याला स्पष्ट सांगा, सल्ला नको, रोज रात्री एक मेसेज कर आणि माझं नाव घेऊन प्रार्थना कर. रविवारी गाणी म्हणवत नसतील तर शेवटच्या बाकावर बसा, बाकीचे म्हणतील, आणि लोकांचे प्रश्न नको वाटत असतील तर आशीर्वाद झाला की निघा, चहाला थांबलंच पाहिजे असं काही नाही.