रीफ टँकवर एलईडी लावताना या चुका टाळा

घरच्या रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळे पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, एलईडी दिवा घ्यावा की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर ‘अवश्य घ्यावा’ असेच आहे. मात्र वर्षानुवर्षे उत्तम वाढलेली प्रवाळे दिवा बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत दगावल्याचेही मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी दोष बहुधा दिव्याचा नसतो. मेटल हॅलाइड दिवे आणि टी-5 (बारीक फ्लुरोसेंट) नळ्या वापरात होत्या तेव्हा टाकीकडे पाहून प्रकाशाचा ढोबळ अंदाज बांधता येत असे. एलईडीच्या निळ्या प्रकाशात मात्र डोळ्यांचा अंदाज साफ चुकतो, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांची सुरुवात तिथूनच होते.

निळा प्रकाश म्हणजे मंद प्रकाश, असे समजू नका

माणसाचा डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो आणि 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्याला फारच फिका भासतो. प्रवाळाच्या ऊतींमध्ये राहणारे झूझँथेली हे सहजीवी शैवाल मात्र 400 ते 500 नॅनोमीटरच्या पट्ट्यातील प्रकाश भरपूर शोषते, कारण समुद्रात काही मीटर खोलीवर तांबडा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो आणि निळाच उरतो. त्यामुळे जी टाकी आपल्याला संधिप्रकाशासारखी अंधूक दिसते, तिच्यातील प्रवाळ कदाचित भर दुपारच्या उन्हात उभे असते. ‘जरा अंधार वाटतो’ म्हणून दिवा वाढवणे ही मी पाहिलेली सर्वांत महाग चूक आहे.

खोक्यावर छापलेले ल्युमेन आणि मोबाइलच्या अ‍ॅपमधील लक्स हे दोन्ही आकडे माणसाच्या दृष्टीला प्रमाण मानून काढलेले असतात, म्हणून निळ्या दिव्याच्या बाबतीत ते दिशाभूलच करतात. प्रति गॅलन अमुक वॅट हा जुना नियमही एलईडीला लागू पडत नाही. इथे उपयोगी पडते ते ‘पार’ हे माप: 400 ते 700 नॅनोमीटरमधील प्रकाशकण दर सेकंदाला प्रति चौरस मीटर किती पडतात, हे ते मायक्रोमोलमध्ये सांगते. ढोबळमानाने, कठीण सांगाडा नसलेल्या प्रवाळांपैकी मशरूम कोरलला 50 ते 100, झोआन्थिड आणि लेदर कोरलला 80 ते 150, मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातील एकेक फुलासारखा जीव) कठीण प्रवाळांना साधारण तेवढाच आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या प्रवाळांना 200 ते 350 पार पुरतो. पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक संजय जोशी यांनी मत्स्यालयाच्या दिव्यांची पद्धतशीर मोजमापे करून त्यांवर लेखन केले, आणि छंदिष्टांमध्ये मोजून बोलण्याची सवय रुजण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पार मीटर महाग असतो. पण तो एका दिवसासाठी उसना मिळाला तरी टाकीच्या तळाशी, मध्यावर आणि वरच्या खडकावर अशी मोजमापे घेऊन कागदावर लिहून ठेवता येतात. मीटर उसना घेताना तो एलईडीसाठी योग्य आहे का, हे विचारावे, कारण जुने संवेदक निळा प्रकाश प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात.

पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेने दिवा लावू नका

माझ्या 3×2×2 फुटांच्या टाकीवर पूर्वी टी-5 नळ्या होत्या. एलईडी आणला तेव्हा विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे सर्व चॅनेल (एकेका रंगाची स्वतंत्र नियंत्रणे) 80 टक्क्यांवर ठेवले. पाचव्या दिवशी मशरूम कोरल आक्रसून खडकाला चिकटले, आणि दहाव्या दिवशी वरच्या खडकावरील झोआन्थिडच्या चकत्या फिकट पडून मिटल्या. मी पाणी तपासले, पाणी बदलले, गाळणीतील कार्बन बदलला. दिव्याकडे लक्ष गेले ते तिसऱ्या आठवड्यात, आणि तोवर निम्मी वसाहत गेली होती. त्या वसाहतीची मला आजही हळहळ वाटते.

प्रकाश गरजेपेक्षा जास्त झाला की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा तो हाताळू शकत नाही, ऊतींमध्ये ऑक्सिजनची घातक रूपे साचू लागतात, आणि प्रवाळ आपल्याच सहजीवी शैवालाला बाहेर टाकते. रंग उडतो तो यामुळे. म्हणून नवा दिवा 30 ते 40 टक्क्यांवर सुरू करावा, दर आठवड्याला 5 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, आणि वाढवल्यानंतर पॉलिप नेहमीसारखे उघडत नसतील तर पुढची वाढ थांबवावी. पहाट आणि संध्याकाळच्या मंद टप्प्यांखेरीज 8 ते 9 तासांचा मुख्य प्रकाश पुरेसा असतो. अधिक तास दिले म्हणून प्रवाळ अधिक वेगाने वाढते, असे होत नाही.

लक्षणांवरून निदान करताना घाई करू नये. वरची, दिव्याकडची बाजू पांढरी पडली आणि सावलीतली बाजू रंगीत राहिली, तर प्रकाश जास्त आहे, असे समजण्यास जागा आहे. ऊती बुंध्यापासून वर सोलत चालल्या असतील, तर अल्कलिनिटीतील (पाण्याच्या आम्ल पेलण्याच्या क्षमतेतील) चढउतार किंवा एखादी कीड शोधावी. दिव्याला हात लावू नये. झोआन्थिडच्या माना लांबत असतील, तर प्रकाश कमी पडत आहे. प्रवाळ तपकिरी झाले असेल, तर एकतर प्रकाश कमी आहे किंवा पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जास्त आहेत, कारण दोन्ही स्थितींत शैवालाची संख्या वाढते. लेदर कोरल मात्र काही दिवस मिटून बसते, मेणचट पापुद्रा टाकते आणि पुन्हा फुलते. हा त्याचा स्वभाव असून तेवढ्यासाठी दिवा कमी-जास्त करणे म्हणजे बऱ्या प्राण्याला आजारी पाडणे होय. आणि काहीही ठरवले, तरी आठवड्यात एकच बदल करावा. दिवा, जागा आणि पाणी एकदम बदलले की नेमका गुण कशाने आला, हे कधीच कळत नाही.

सावली आणि भिंगाचा कोन

टी-5 नळीचा प्रकाश लांबलचक पट्ट्यातून येतो, त्यामुळे तो फांद्यांखालीही पोहोचतो. एलईडी हा ठिपक्यासारखा स्रोत असल्याने खडकाच्या आड दाट सावली पडते. तीन फुटांच्या टाकीवर मधोमध एकच शक्तिशाली दिवा टांगला, तर दिव्याखाली 400 आणि कोपऱ्यात 60 पार अशी विषम अवस्था होते. त्यापेक्षा कमी शक्तीचे दोन दिवे बरे. प्रकाश अरुंद झोतात सोडणारे 60 अंशांचे भिंग खोल टाकीसाठी असते; दोन फूट खोलीला 90 ते 120 अंशांचे भिंग आणि पाण्यापासून 20 ते 30 सेंटीमीटर उंची बहुधा योग्य ठरते. पाण्याच्या तुषारांबरोबर उडणारे मीठ भिंगावर साचते आणि प्रकाश नकळत घटतो, म्हणून दर आठवड्याला दिवा बंद करून ओलसर मऊ कापडाने काच पुसावी. महिनोन्महिने न पुसलेला दिवा एकदम स्वच्छ केला, तर टक्केवारी थोडी खाली आणावी.

दिव्यामुळे शेवाळ वाढले, असे म्हणण्यापूर्वी पाणी तपासा

पांढरा आणि तांबडा चॅनेल जास्त ठेवल्याने हिरव्या शेवाळाला मदत होते, हे खरे आहे, पण त्याचे मूळ अन्न फॉस्फेट आणि नायट्रेट हेच असते. उलट टोकाची चूकही तितकीच घातक आहे: पोषकद्रव्ये शून्यावर आणून वर भरपूर प्रकाश दिला की प्रवाळ उपाशीपोटी उन्हात राबते आणि फिके पडते. नायट्रेट लिटरमागे 5 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम असावे. कठीण प्रवाळे असलेल्या टाकीत प्रकाश वाढला की कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचा खपही वाढतो, म्हणून दिवा वाढवण्याच्या काळात अल्कलिनिटी एक दिवसाआड मोजून 8 ते 9 डीकेएचवर (डीकेएच हे अल्कलिनिटीचे एकक) स्थिर ठेवावी.

बचतीचा हिशोब नीट मांडा

तीन फुटांच्या टाकीवर 150 वॅटचे दोन हॅलाइड दिवे असतील, तर चोकसह सुमारे 340 वॅट खर्च होतात. 9 तासांचे दिवसाला तीन युनिट, महिन्याला 92. त्याच कामाला 150 वॅटचा एलईडी पुरला, तर महिन्याला 40 युनिट लागतात, म्हणजे जवळपास 50 युनिट वाचतात. टी-5च्या 39 वॅटच्या सहा नळ्यांशी तुलना केली, तर वीज महिन्याला 23 युनिटांच्या आसपासच वाचते. तिथे खरी बचत दर 9 ते 12 महिन्यांनी सहाही नळ्या बदलण्याचा खर्च टळण्यात असते. 50,000 तासांच्या आयुष्याचा दावा एलईडीच्या चिपपुरता समजावा. मीठ आणि दमट हवेत आधी पंखा किंवा ड्रायव्हर (चिपला योग्य वीज पुरवणारा भाग) जातो, म्हणून सुटे भाग मिळणारा दिवाच घ्यावा.

मुंबई-पुण्यातील वाचकांनी पाणी थंड करणाऱ्या चिलरवरच्या बचतीची फार आशा धरू नये. हॅलाइडची उष्णता किरणांबरोबर थेट पाण्यात उतरते, एलईडीची बरीचशी मागच्या धातूतून खोलीत जाते, हा फरक मोठा आहे. पण मे महिन्यात खोलीच 33 अंशांवर असेल, तर पाणी 26 अंशांवर ठेवण्यासाठी चिलर लागणारच.

आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वी लक्षात घ्यावी. भारतात सर्व कठीण प्रवाळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकांवरून एखादा तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे. त्यामुळे इथल्या टाकीत मशरूम, झोआन्थिड आणि लेदर कोरल हेच प्रामुख्याने असतील, तर 350 पार देणाऱ्या दिव्यावर पैसे घालण्याची गरज नाही. अमेरिकेत किंवा आखातात राहून परवानगीने वाढवलेली अ‍ॅक्रोपोरा पाळणाऱ्या मराठी मित्रांचा हिशोब वेगळा असेल. फक्त मासे असलेल्या टाकीला तर साधा एलईडी पुरतो.