विदर्भाच्या उन्हाळ्यात मऊ कोरल कसे सांभाळावेत

घरातल्या समुद्री टाकीत मऊ कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली प्रवाळं, पाळायची तर पहिला प्रश्न पाण्याचा. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी खारं असतं, पण ते समुद्राचं पाणी नव्हे. त्यातल्या क्षारांचा मेळ वेगळा असतो. म्हणून सुरुवात आरओच्या पाण्याने करा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्याजवळ हवा. दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशोबाने अ‍ॅक्वेरियमचं समुद्री मीठ (किराण्यातलं नाही!) वेगळ्या बादलीत विरघळवा, रात्रभर पंप फिरवा आणि खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसलं की टाकीत ओता.

मग थांबा. टाकीतल्या खडकांवर जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्रायट शून्य झाल्यावरच कोरल आणा. पहिल्यांदा मशरूम किंवा झोअँथिड या प्रकारचे कोरल बरे. दगडी सांगाड्याचे कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता खरी परीक्षा, म्हणजे मे महिना. बाहेर ४५ अंश आणि कोरलला पाणी लागतं २४ ते २७ अंशांचं. पाणी गार करणारा चिलर महाग पडतो. पण आपली हवा कोरडी असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला तरी बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. कूलर त्याच खोलीत लावत असाल तर खिडकी उघडी ठेवा. हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज साधं आरओचं पाणीच घाला. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. वीज गेली तर बॅटरीवरचा एअरपंप हाताशी असू द्या.

लाइट रोज आठ तास, पाण्याचा प्रवाह मध्यम, आठवड्याला दहा टक्के पाणी बदल. लेदर कोरल मधूनच काही दिवस मिटून बसतो आणि मेणासारखा पापुद्रा टाकतो; तो मेला समजून काढून फेकू नका.

फवारणीच्या दिवसांत जास्त जपा. संत्र्यावर मारायच्या बोर्डो मिश्रणातलं तांबं कोरलला अगदी थोडंही सोसत नाही. फवारणीची बादली टाकीसाठी वापरू नका, शेतातून आल्यावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुवा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून घ्या.

झोअँथिड हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा लागतोच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. त्यांचा खडक कधीही उकळू नका, वाफेतूनही बाधा होते.