शिडाच्या बोटीने बेक्वेला जायचं असेल तर

कॅरिबियनमध्ये निवांत बेट हवं असेल तर माझं मत बेक्वेला. सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिणेला, त्याची राजधानी किंग्सटाउनपासून 9 मैलांवर, बेट जेमतेम 7 चौरस मैल. चार्टर (भाड्याची) बोट उत्तरेच्या सेंट लुशिया बेटावर घेतली तर मजा आहे कारण वारा पूर्वेचा, ईशान्येचा असतो आणि दक्षिणेला जाताना तो बाजूने मिळतो.

जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा सीझन, तो टाळाच. डिसेंबर-जानेवारीत ख्रिसमस विंड्स नावाचे वारे जोरात असतात, नवीन असाल तर मार्च-एप्रिल बघा, ईस्टरला बेक्वेला रेगाटा (शिडाच्या बोटींच्या शर्यती) पण असते.

आदल्या दिवशी सेंट लुशियातून क्लिअरन्स (देश सोडायची परवानगी) घेऊन तिथल्याच पिटन्स या दोन सुळक्यांच्या पायथ्याशी थांबा (तिथे नांगर टाकायला बंदी आहे, मूरिंगच घ्यायचं, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या दोराच्या बोयाला बोट बांधायची) आणि पहाटे अंधारातच निघा, अंतर 50 सागरी मैलांच्या थोडं वर आहे आणि काळोखात अनोळखी खाडीत शिरायचं नाहीये आपल्याला.

आता खरी सांगायची गोष्ट. सेंट व्हिन्सेंटच्या आडोशाला वारा पडतो, शिडं लोंबायला लागतात, इंजिन लावावं लागतं, आणि तिथेच लोकांना वाटतं चला आता पूर्ण शीड उघडू. नका उघडू! बेटाचं दक्षिण टोक संपलं की वारा एकदम अंगावर येतो, लाटा उंच होतात, प्रवाह पश्चिमेला ओढतो. रीफ (शीड थोडं गुंडाळून लहान करणं) आडोशातच, हात मोकळे असताना मारून ठेवा, आणि बोटीचं तोंड बेक्वेच्या थोडं पूर्वेला धरा.

बेक्वेच्या ॲडमिरल्टी बे या मुख्य खाडीत शिरताना उत्तरेच्या बाजूला डेव्हिल्स टेबल नावाचा उथळ भाग आहे, त्याला लांबून वळसा घाला. मुंबईत सेलिंग शिकलेल्यांनी एक लक्षात ठेवा, बंदरात शिरताना आपल्याकडे लाल बोया डावीकडे ठेवतात, इथे उजवीकडे.

नांगर प्रिन्सेस मार्गारेट बीचसमोर, वाळूचा फिकट पट्टा बघून टाका, गवतावर तो धरत नाही. साखळी खोलीच्या पाचपट तरी सोडा, मग गॉगल लावून पाण्यात उतरा आणि नांगर रुतलाय का ते डोळ्यांनी बघा. छोट्या बोटीतून कोणी मूरिंग देऊ करेल, प्रेमाने बोला, पण खालचा दोर तपासल्याशिवाय घेऊ नका.

पिवळा क्यू झेंडा (प्रवेशाची परवानगी अजून बाकी आहे ही खूण) चढवायचा, फक्त कॅप्टनने सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन बेक्वेच्या पोर्ट एलिझाबेथ गावातल्या कस्टम्समध्ये जायचं, बाकीच्यांनी तोवर बोटीवरच. फी ईस्ट कॅरिबियन डॉलरमध्ये, सुटे ठेवा.